गुरुवारचं पेन्शन

साउथपोर्ट
३ जानेवारी २००६

डोरिस,

सुखरूप पोचले. तुझ्याकडचे चार दिवस बरे गेले असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

आता मुद्द्याचं. सत्तावीस तारखेला सकाळी दहा वाजता तुझ्या दाराची घंटा वाजली. तू रेडिओ बंद केलास, दिवा मालवलास आणि एकाहत्तर वर्षांची बाई खिडकीखाली जमिनीवर बसलीस. वर मला म्हणालीस, "हलू नकोस म्युरिएल, नाताळची गाणी म्हणणारी पोरं आहेत, पैसे मागत बसतील." नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. गाणं काही ऐकू आलं नाही. दाराच्या फटीतून आलं ते पाकीट, आणि ते तू गालिच्याखाली सरकवलंस. त्या गालिच्याखाली आधीपासूनच इतकं काही आहे की त्यावरून चालताना मला दोनदा ठेच लागली.

खोली गरम करायची गॅसची शेगडी बिघडली आहे असं म्हणालीस, म्हणून आपण दोघी घरात कोट घालून बसलो. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी ती पेटवून पाहिली. छान पेटते.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बारा मुख्य रोखपाल म्हणून. कर्जात बुडालेली माणसं माझ्या खिडकीसमोर रोज उभी राहायची आणि सगळी तुझ्यासारखीच वागायची. विनाकारण हसायची. हवेबद्दल बोलायची. तेव्हा मला फसवायचा आव आणू नकोस, तुला ते लहानपणीही जमलं नाही.

किती आहे आणि कशापायी, एवढंच लिही.

म्युरिएल

*

फ्लीटवुड
८ जानेवारी

प्रिय म्युरिएल,

पाहुणी म्हणून आलीस आणि झडती घेऊन गेलीस. पुढच्या वेळी येताना पोलिसाची टोपी घालून ये, तुला शोभेल.

तेवीस हजार पौंड. बस खाली, पाणी पी, मग पुढचं वाच.

चार क्रेडिट कार्डांवर मिळून तेवीस हजार. सगळी माझ्या नावावर. घरभाडं, वीज आणि कोळंबीएवढं जेवण झालं की माझ्या सरकारी पेन्शनमधून आठवड्याला जे उरतं त्यात एक पावाची लादी येते, कापलेली नव्हे, अख्खी. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर एक सल्ला केंद्र आहे. तिथली मिस टॅटर्सॉल नावाची बाई आकडेमोड करून म्हणाली, "मिसेस पिल्किंग, या गतीनं कर्ज फिटायला एकशे नव्वद वर्षं लागतील." मी म्हटलं, "माझी तब्येत तशी बरी आहे." हसली नाही. हसायचे वेगळे पैसे मिळत नसतील तिला.

तिचं म्हणणं, कोर्टात जाऊन दिवाळं जाहीर करा. घर भाड्याचं आहे, जप्त करण्यासारखं काही नाही, सुटून जाल. फक्त ते जाहीर करायला पावणेपाचशे पौंड भरावे लागतात. ऐकलंस? आपल्याकडे पैसे नाहीत हे सिद्ध करायला आधी पैसे आणायचे. ही अक्कल तुझ्या बँकवाल्यांचीच असणार. मी चहाच्या डब्यात साठवतेय. एकशे दहा झालेत.

कशापायी म्हणशील, तर बिंगो. मंगळवार आणि शनिवार. कित्येक वर्षं. झालं समाधान?

तुझ्याकडे मी काही मागत नाहीये. मागितलं असतं तर तू दिलं नसतंस, आणि दिलं असतंस तर मरेपर्यंत ऐकवलं असतंस. मला दोन्हीचा कंटाळा आहे.

डोरिस

*

साउथपोर्ट
१४ जानेवारी

डोरिस,

बिंगो!

कुणीतरी माइकवर आकडे पुकारतं आणि तू समोरच्या कागदावर ठिपके काढतेस. याचे तेवीस हजार. घोड्यांवर उडवले असतेस तर निदान घोडे तरी बघायला मिळाले असते. दारूत घालवले असतेस तर मी म्हटलं असतं, चला, नशा तरी झाली. आपल्या आईनं बारा वर्षं दुसऱ्यांचे कपडे धुऊन आपल्याला शाळेत घातलं, ते तुला आकडे ओळखता यावेत म्हणून, आणि तू त्यांचा हा उपयोग केलास.

आज एक गोष्ट लिहिते. ती लिहायला मला त्रेचाळीस वर्षं लागली. हॉरेसच्या बाबतीत मी चुकले.

तो मला कधी आवडला नाही हे तुला माहीत आहे. मासळीचे ट्रक चालवणारा, अंगाला बंदराचा वास, परसात कबुतरं, आणि दर वाक्याला एक विनोद. तुमच्या लग्नात तो टेबलावर चढून गायला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पण माणूस कसा होता? कंपनीनं दिलेलं पेन्शन दर गुरुवारी आणून पाकीट जसंच्या तसं तुझ्या हातात ठेवायचा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पाकीट उघडलेलंसुद्धा नसायचं. माझ्या खिडकीसमोर मोठमोठे साहेब यायचे, पण बायकोच्या हातात न उघडलेलं पाकीट देणारा एक नव्हता. आणि त्या बिचाऱ्याच्या पाठीमागे तू ठिपके काढत बसलीस. तो हे बघायच्या आत गेला, हे त्याचं नशीब म्हणायचं.

आता व्यवहाराचं. कोर्टाचे पैसे मी भरते. अटी अशा: ते घर सोडायचं आणि माझ्या मागच्या खोलीत येऊन राहायचं. सिगारेट नाही. बिंगो तर नाहीच. रविवारी माझ्याबरोबर चर्चला यायचं. आणि एक पेनी देण्याआधी मला सगळे कागद बघायचेत. न बघता मी आयुष्यात कशावर शिक्का मारला नाही.

म्युरिएल

*

फ्लीटवुड
२१ जानेवारी

म्युरिएल,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माझ्याबद्दलचा भाग नाही, तो मला साधारण पाठच होता. हॉरेसबद्दलचा.

तुला ठाऊक नसेल, तू येणार असलीस की तो सकाळपासून नखं घासायचा. ब्रशनं. पेन्शनीत निघाल्यावरही, तेव्हा हाताला मासळी लागायचं काही कारण नव्हतं तरी. मी म्हणायचे, "अरे, राणी नाही येत, म्युरिएल येतेय." तो म्हणायचा, "राणी आली असती तर मी नखं घासली नसती, ती असल्या गोष्टी बघत नाही." आणि तू यायचीस, त्याच्या हातातून चहा घ्यायचीस आणि कपाचा कान रुमालानं पुसायचीस. ते पुसणं तो तू गेल्यावर मला करून दाखवायचा. आम्ही दोघं हसायचो. नंतर मात्र तो कबुतरांकडे जाऊन बराच वेळ बसायचा.

त्रेचाळीस वर्षांत हे एकदा त्याच्या तोंडावर म्हणाली असतीस तर काय तुझी बँक बुडाली असती?

असो. म्हणालीस ना. आता तो शब्द मागे घ्यायचा नाही.

तुझ्या मागच्या खोलीत मी येणार नाही. त्या खोलीत वाळवीसुद्धा शिस्तीत रांगेनं चालत असेल. पण पैशाचं मात्र नाही म्हणायची माझी ऐपत राहिलेली नाही. सोमवारी जप्तीवाला आला. या वेळी जमिनीवर बसायचा कंटाळा आला म्हणून दार उघडलं. धिप्पाड माणूस, हातात पाटी. घरभर फिरला. टीव्हीच्या मागे वाकून बघितलं, सोफा बुटानं ढोसला, कपाट उघडून मिटलं. शेवटी म्हणतो, "आजी, यातलं काही उचललं तर गाडीच्या पेट्रोलचे पैसेसुद्धा निघायचे नाहीत." आणि गेला! माझ्या सामानाचा असा अपमान आजवर फक्त तू केला होतास. दुपारी गॅसच्या मीटरमध्ये घालायला नाणी नव्हती म्हणून चहाचा डबा उघडावा लागला. एकशे दहाचे सत्तर झालेत.

म्हणून गालिच्याखालचे सगळे कागद या पाकिटात घालून पाठवतेय. बघ, मोज, नाक मुरड, आणि पैसे पाठव. फार खोलात जाऊ नकोस, तुझ्या डोळ्यांना त्रास होईल.

डोरिस

*

साउथपोर्ट
३० जानेवारी

डोरिस,

माझ्या डोळ्यांची काळजी करू नकोस. त्यांनी एकतीस वर्षं दिवसाला दोनशे सह्या पडताळल्या आहेत.

तू पाठवलेल्या गठ्ठ्यात एका कार्डाच्या मूळ अर्जाची प्रत आहे. ती चुकून आली असणार. त्यावर 'डोरिस पिल्किंग' अशी सही आहे. तू तुझ्या नावाचं पहिलं अक्षर सात वर्षांची असल्यापासून हात न उचलता एका फटक्यात काढतेस, त्याचं पोट खाली लोंबतं आणि बाई त्यासाठी तुला छडी मारायच्या. या अर्जावरचं अक्षर दोन तुकड्यांत काढलंय, पोट वर आहे आणि शाई मध्येच थांबलीय. बघून बघून गिरवणाऱ्याची शाई तशी थांबते. तुझी पत्रं माझ्या खणात आहेत, शंभरावर असतील. शेजारी ठेवून पाहिली. मग नाताळला हॉरेसनं मला पाठवलेलं जुनं शुभेच्छापत्र काढलं, आणि तेही शेजारी ठेवलं.

तू बिंगो खेळतच नव्हतीस, होय ना? तुला तो खेळ येत असेल की नाही याचीच मला शंका आहे.

त्यानं केलं हे. तुझ्या नावानं, तुझी सही गिरवून. चार वेळा. आणि मी मूर्खासारखी गेल्या पत्रात त्याची आरती ओवाळून बसले! ते पत्र परत पाठव. मी लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर तुला म्हटलं होतं, हा माणूस तुला भिकेला लावील. तू माझ्याशी महिनाभर बोलली नव्हतीस. आता बोल.

चोर तो चोर, आणि मेल्यावरही तुझ्याकडून खोटं बोलून घेतोय. त्याच्यासाठी तू स्वतःला जुगारी म्हणवून घेतलंस! इतकी लाचारी मी खिडकीच्या त्या बाजूलाही पाहिली नाही.

सही तुझी नाही तर कर्ज तुझं नाही. दिवाळं काढायची गरजच नाही. उद्याच्या उद्या त्या मिस टॅटर्सॉलकडे जाऊन खरं काय ते सांग. पंधरा दिवसांत तू गेली नाहीस, तर चारही कंपन्यांना मी स्वतः लिहीन.

म्युरिएल

*

फ्लीटवुड
३ फेब्रुवारी

म्युरिएल,

शाबास. तुला सरकारनं पदक द्यायला हवं. बहिणीच्या संसारात एकदाचं पाणी मुरताना दिसलं, आता छान झोप लागत असेल.

ऐक आता. कंपनीचं पेन्शन नव्हतंच. कधीच नव्हतं. गोदीवरची ती कंपनी बुडाली तेव्हा लोकांच्या पेन्शनीचा फंडही तिच्याबरोबर बुडाला. हॉरेसला ते निवृत्त व्हायच्या दिवशी कळलं. एक छापील पत्र आणि एक घड्याळ. घड्याळ त्यानं मला दाखवलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तो नवा शर्ट घालून 'पेन्शन आणायला' गेला. पन्नास पौंड. कार्डावर मशिनमधून काढायचा, पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचा आणि माझ्या हातात ठेवायचा. ते न उघडलेलं पाकीट, ज्याचं तुला इतकं कौतुक! तो स्वतःच चिकटवायचा, म्युरिएल. सात वर्षं. एक कार्ड भरलं की त्याचे हप्ते भागवायला दुसरं. त्याचं नाव आधीच कुठल्यातरी थकलेल्या कर्जात अडकलेलं होतं, म्हणून माझं. रोज सकाळी 'जरा पेपर आणतो' म्हणून कोपऱ्यावर जायचा आणि पोस्टमनला वाटेतच गाठायचा. मला वाटायचं, काय गुणी माणूस, बायकोला दारापर्यंत जायलाही लावत नाही.

अंत्यविधीनंतर नवव्या दिवशी पोस्टमन पहिल्यांदा आमच्या दाराशी आला. सात पाकिटं. बाकीची मला कबुतरांच्या खुराड्यात सापडली, मक्याच्या डब्यात, दाण्यांखाली. मी ती कबुतरं दुसऱ्या दिवशी विकली. सगळी. एकाची मान पिरगाळायचा विचार केला होता, पण ते माझ्याकडे अगदी त्याच्यासारखं बघत होतं.

तुला वाटतं मी लाचार आहे म्हणून त्याला झाकलं? मी त्याला झाकलं ते तुझ्यापासून. तू चर्चच्या पायरीवर ते वाक्य बोललीस त्या दिवसापासून मी त्रेचाळीस वर्षं ते खोटं ठरवत होते. रविवारी मटण करायचे ते तुझ्या नाकावर टिच्चून. चौदा महिने मी थंडीत बसून हप्ते भरले, ते तू बरोबर ठरू नयेस म्हणून. जगानं मला जुगारी म्हटलं तर म्हणू दे, पण तू 'मी म्हटलं होतं' हे तीन शब्द म्हणायला नकोस, एवढीच माझी इच्छा होती. आणि त्यात तू त्याचं कौतुक लिहून पाठवलंस. ते वाचून मला जो आनंद झाला, त्याची मला लाज वाटते.

आणि 'सही नाही तर कर्ज नाही' म्हणतेस. त्या पाकिटातलं मी खाल्लंय. सात वर्षं. तो गॅस माझ्याच शेगडीत जळला, माझे दातसुद्धा त्यातूनच बसवले. मी आता कुठल्या तोंडानं सांगू की मला काही ठाऊक नाही?

आणि बाईसाहेब, तुम्ही पण खाल्लंय. तुझ्या सत्तरीला त्यानं तुला आइल ऑफ मॅनला नेलं होतं. बोट, आठवडाभर हॉटेल, समुद्राकडची खोली, रोज संध्याकाळी तीन पदार्थांचं जेवण. "माझ्या पेन्शनीतून, म्युरिएल, नाही म्हणायचं नाही." तू नाही म्हणाली नाहीस. सूप गार आहे एवढं म्हणालीस. त्या हॉटेलचा आकडा दुसऱ्या कार्डाच्या कागदावर आहे, ऑगस्ट २०००. तो कागद मी मुद्दाम काढून ठेवला होता. घे आता, या पाकिटात आहे.

लिही चारही कंपन्यांना. खुशाल लिही. आणि त्यानंतर मला लिहू नकोस.

डोरिस

*

साउथपोर्ट
२७ फेब्रुवारी

डोरिस,

उत्तराला उशीर झाला. कारण काही नव्हतं.

कंपन्यांना लिहिलेली चार पत्रं तिकीट लावून तयार होती. ती मी शेगडीत टाकली. तिकिटं आधी वाफेवर सोडवून घेतली.

सोबत पावणेपाचशे पौंडांची पोस्टल ऑर्डर आहे. हे दान नाही आणि उसने नाहीत. हॉटेलचं माझ्या वाटणीचं बिल, बोटीचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि रोजचं जेवण मी मांडलं. चारशे एकोणसत्तर होतात. वरचे सहा त्या लोकरीच्या टोपीचे, जी त्यानं मला धक्क्यावर वारा सुटला तेव्हा घेऊन दिली. चोरीच्या पैशानं मी कधी जेवले नाही, असं मी आयुष्यभर समजत होते.

मी त्याला माफ केलेलं नाही. तो लबाड होता, भित्रा होता आणि आपल्या बायकोपेक्षा मेव्हणीला घाबरणारा होता. निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन 'पैसे नाहीत' हे तीन सेकंदांचं वाक्य तो बोलू शकला असता. बोलला नाही, कारण ते माझ्या कानावर आलं असतं. हे मी खूप दिवस उलटंपालटं करून पाहिलं आणि त्याचा दुसरा अर्थ लागत नाही. मी काय म्हणेन, या भीतीनं तुम्ही दोघं सात वर्षं आणि चौदा महिने जगलात.

ते तीन शब्द मी मागच्या पत्रात जवळजवळ म्हटलेच. परत म्हणणार नाही.

अटी रद्द. पण सल्ला देते, आणि तो मुख्य रोखपालाचा सल्ला समज: कर्ज स्वीकारायचं असेल तर स्वीकार, पण कागदावर बिंगो लिहू नकोस. सरकारी माणसं जुगाराला वेगळ्या रकान्यात टाकतात आणि एका वर्षाऐवजी अनेक वर्षं मानेवर बसतात. शिवाय ते खोटं आहे. आपल्या घरात एक खोटारडा पुरे झाला.

म्युरिएल

ता. क. सूप खरंच गार होतं.

*

फ्लीटवुड
२ एप्रिल

प्रिय म्युरिएल,

झालं. मी दिवाळखोर आहे, कायदेशीर, शिक्क्यासकट.

तुझी पोस्टल ऑर्डर घेऊन मी मिस टॅटर्सॉलकडे गेले. म्हटलं, बिंगो खोडा. सगळं सांगितलं. बाई पेन खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मिसेस पिल्किंग, हा तर गुन्हा आहे. तुम्ही यातलं काहीच देणं लागत नाही. आपण लढू शकतो."

मी म्हटलं, "कुणाशी? तो तर वर जाऊन बसलाय."

"पण सह्या तुमच्या नाहीत!"

"सह्या माझ्या नाहीत, पण जेवण मी जेवलेय. दोन्ही लिहा. त्याची लबाडी लिहा आणि माझी भूक पण लिहा, आणि द्या कोर्टात."

ती म्हणाली असं लिहायला फॉर्मवर जागा नाही. मी म्हटलं, मग मागच्या बाजूला लिहा. लिहिलंन. आणि शेवटी एकदाची हसली, पण अशा वेळी की मला हसू येईना.

कोर्ट ब्लॅकपूलला होतं. मी हॉरेसच्या अंत्यविधीचाच कोट घातला, दुसरा आहे कुठे. वाटलं होतं मोठी खोली असेल, विग घातलेला न्यायाधीश असेल, लोक बघायला आले असतील. एक लहानशी खोली, टेबल, पाण्याचा जग आणि कोटातून स्वेटरच्या बाह्या बाहेर आलेला एक सर्दी झालेला माणूस, तोच न्यायाधीश. त्यानं फॉर्म वाचला. मग उलटा करून मागची बाजू वाचली. परत वाचली. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाला, "याचा अर्थ काय होतो, तो समजून सही करताय ना?" मी म्हटलं, "साहेब, या सगळ्या कागदांत ही पहिलीच सही मी स्वतः करतेय." आणि केली. एका फटक्यात, पोट खाली लोंबतं तशी. आठ मिनिटं लागली. तुझ्या आइल ऑफ मॅनच्या आठवड्याच्या पैशांत आठ मिनिटं मिळाली बघ, महागच पडलं.

त्यांनी काही नेलं नाही. जप्तीवाल्याचं मत त्यांनाही पटलं असावं. एक वर्षानं सुटेन.

पण मला लिहायचंय ते कालचं.

दिवाळखोरांची नावं इथल्या पेपरात छापून येतात. काल आलं. 'डोरिस पिल्किंग, विधवा, निवृत्त.' पत्त्यासकट. मी म्हटलं, आता लपायचं नाही, आणि पिशवी घेऊन सरळ खाटकाकडे गेले, शनिवारी, भर गर्दीत. मागे रांग होती. माझ्या पुढे आयव्ही क्रॉम्प्टन. ती बोलिंग क्लबाची, हॉरेस तिथं नऊ वर्षं सेक्रेटरी होता, त्याच्या नावाचं बाक बसवायला हिनंच वर्गणी काढली. ती वळली, माझा हात हातात घेतला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा हलक्या आवाजात म्हणाली, "डोरिस, वाचलं बाई. इतका भला माणूस, इतका नेटका... एका अर्थी बरं झालं, हे बघायला हॉरेस नाही."

मी म्हटलं, "तो नाही म्हणूनच तर बघायला मिळालं, आयव्ही."

खाटकाचा सुरा वरच्या वर थांबला. आयव्हीनं माझा हात सोडला, जणू तो गरम होता. मला वाटलं, झालं, विकलं मी त्याला, एका वाक्यात, सॉसेजच्या रांगेत. आणि मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग खाटीक. त्या पांढऱ्या एप्रनात त्याचं पोट हलायला लागलं आणि सगळं दुकान हसायला लागलं, म्युरिएल, खदाखदा, आयव्ही सोडून.

मीही हसले. पाव किलो सॉसेज घेतलं, रोख पैसे दिले, बाहेर आले. चर्चच्या कोपऱ्यापर्यंत ठीक होते. आणि तिथं मला जाणवलं की त्या दुकानात असता तर सगळ्यात मोठ्यानं तोच हसला असता. मांडीवर थाप मारून, डोळ्यांतून पाणी काढून. स्वतःवरचा विनोद त्याला सगळ्यात जास्त आवडायचा, मेला. घरी येऊन चार वेळा करून दाखवला असता, आयव्हीच्या तोंडासकट. आणि हे एवढं हसण्यासारखं घडलं ते सांगायला घरी कुणी नाही.

चौदा महिन्यांत, नाही, आता सोळा झाले, मी त्याच्यावर नुसती चिडलेली होते. रडायला वेळच झाला नव्हता. काल पिशवी धरून रस्त्यात उभी राहिले आणि रडले, दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर, दिवाळखोर बाई. लोकांना वाटलं असेल पैशांसाठी रडतेय. वाटू दे.

मग घरी येऊन शेगडी पेटवली आणि सॉसेज तळलं.

डोरिस